शेड रिकामी आहे, हात रिकामे आहेत. गोव्यात किटचं विमान बांधायला घ्यावं का?

कुळागरवाला | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

फोंड्याजवळ राहतो. वेर्ण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त. घरामागे कुळागराला लागून पत्र्याची शेड आहे, चाळीस बाय अठरा फूट, खाली कोबा. पूर्वी सुपारी ठेवायचो, आता नारळाच्या सोडणांशिवाय तिच्यात काही नाही. दोन आसनांचं विमान किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून स्वतः बांधायचं हे खूळ जुनंच आहे. मुलगी म्हणते, बाबा, त्यापेक्षा होडी बांधा, उतरवायला निदान मांडवी तरी आहे.

दोन किटांपाशी येऊन अडलोय. एक व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७, दुसरं झेनिथ कंपनीचं सीएच ७५०. पहिलं देखणं, ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जाणारं, पण जवळजवळ सगळं भरीव रिव्हेटवर, म्हणजे दोन्ही बाजूंना माणूस लागतो. दुसरं दिसायला पत्र्याचा डबा, ताशी एकशेसाठच्या आसपास, पण एकाच बाजूने बसणाऱ्या पॉप रिव्हेटवर जुळतं आणि शंभरएक फुटांत जमीन सोडतं. माझं मन पहिल्यावर आहे हे लपवत नाही. फाइल आणि मायक्रोमीटर हाताला सवयीचे आहेत, विमानाच्या पत्र्याला मात्र कधी हात लावलेला नाही.

आपल्या हवेत अ‍ॅल्युमिनियम टिकेल का? पेट्रोलचं काय करायचं? शेपटीचं किट आधी मागवा असं जो तो सांगतो, ते बरोबर का? खर्चाचा विषय कृपया काढू नका, तो घरी रोज चालू आहे.

सुशेगाद_माणूस | रविवार, रात्री १०:०५

आलो, बसलो, खाजं फोडलं. चालू द्या.

कोणी तळपदे आणि १८९५च्या चौपाटीवरच्या विमानाचा दावा काढायच्या आत सांगतो, तो धागा वेगळा आहे आणि तिथे साडेतीनशे प्रतिसाद झालेत. इथे रिव्हेटचं बोला.

रिव्हेट_बत्तीस | रविवार, रात्री ११:२०

कुळागरवाले बाब, आखातातल्या एका हँगरमध्ये शीट मेटलवर होतो, आता मडगावला असतो. तुम्ही वेग आणि रूप बघून किट निवडताय. गोव्यात राहून बांधायचं तर आधी पत्रा कुठला ते बघा.

आरव्हीचा पत्रा मुख्यतः २०२४-टी३. मजबूत, पण त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं आणि तांब्यामुळेच तो खाऱ्या हवेत लवकर खाल्ला जातो. म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, त्याला अल्क्लॅड म्हणतात. हा थर शाबूत आहे तोवर चिंता नाही. पण आपण भोक पाडतो, कड घासतो, रिव्हेटचं डोकं बसायला डिंपल (खळगा) मारतो, एखादा ओरखडा काढतो. तिथे आतला धातू उघडा पडतो. झेनिथवाले ६०६१-टी६ वापरतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. ताकद थोडी कमी म्हणून पत्रा थोडा जाड, पण समुद्राजवळ तो जास्त टिकतो.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहणारे लोक प्रायमर (गंज रोखणारा रंगाखालचा थर) मारावा की नाही यावर पानंच्या पानं भांडतात. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. मारायचाच, आतून, प्रत्येक सांध्यावर, दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे तर नक्कीच. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्या चार महिन्यांत कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, हे तिकडच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

पण कधी मारायचा? दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असताना मारू नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं. जुलैत फोंड्याला यातलं काही जमायचं नाही. वरून कोरडा दिसेल, नखाने खरवडला की सालपट निघेल. तेव्हा कामाचं वेळापत्रक पंचांग बघून लावा: पावसात कडा घासणं, जुळवणी, वायरिंग, रंगकाम डिसेंबर ते फेब्रुवारी.

आणखी एक. जुने लोक गंज रोखायला अलोडाइन आणि झिंक क्रोमेट सुचवतील. काम उत्तम करतात, पण दोन्हींत षट्संयुजी क्रोमियम असतं आणि ते कर्करोगकारक आहे. तुमची शेड कुळागराला लागून आहे म्हणता. ते धुतलेलं पाणी पाटात गेलं तर पोफळींच्या मुळाशी आणि तिथून खालच्या घराच्या विहिरीत. क्रोमेट नसलेला एपॉक्सी प्रायमर घ्या.

कुळागरवाला | सोमवार, सकाळी ७:१५

पाटाचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या खालच्या अंगाला दोन घरं आहेत, दोघांचीही विहीर त्याच ओहळावर. क्रोमेट बाद.

म्हणजे तुमचं मत झेनिथला?

रिव्हेट_बत्तीस | सोमवार, सकाळी ८:४०

पत्र्यापुरतं हो. पण भरीव रिव्हेटला घाबरून आरव्ही सोडू नका. टूलरूमवाल्याला ते आठवड्याभरात जमतं.

रिव्हेटचा क्रमांक वाचायला शिका, बाकी सोपं. एएन४७०एडी४-४ म्हणजे जाडी इंचाच्या बत्तिसाव्या भागात चार, लांबी सोळाव्या भागात चार. एडी म्हणजे २११७ मिश्रधातू, डोक्यावर मधोमध छोटा खळगा असतो त्यावरून ओळखायचा. बसवल्यावर मागचं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच झालं पाहिजे. म्हणजे आठवा भाग इंचाच्या रिव्हेटला साधारण ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. पत्र्याच्या तुकड्यात भोक पाडून गेज घरीच करा, तुम्हाला काय सांगायचं. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर हवं, त्याहून कमी भरलं तर तो तुकडा बाजूला ठेवा.

जुळवणीला क्लेको, म्हणजे भोकात घालून पत्रे तात्पुरते धरणारे चिमटे, लागतात. रंगावरून माप कळतं: चंदेरी ३/३२ इंचाचे, तांब्याच्या रंगाचे १/८ चे. शेकड्याने घ्या. कितीही घेतले तरी रविवारी दुपारी कमीच पडतात.

वाकडा बसलेला रिव्हेट काढताना घाई नको. डोक्यातल्या खळग्यात ड्रिल टेकवून फक्त डोक्याच्या जाडीइतकंच आत जायचं, मग त्याच मापाची पंच भोकात घालून हलकेच कलती करायची. डोकं टपकन उडतं, दांडा मागून ठोकून काढायचा. ड्रिल पलीकडे गेलं की भोक मोठं झालं, आणि मग तिथे एक माप वरचा रिव्हेट.

पोटमाळा | सोमवार, सकाळी ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक शंका: रिव्हेट गन चालवणाऱ्या कंप्रेसरच्या हवेतलं पाणी? आमच्या गॅरेजला पावसात टाकीचा नळ सोडला की तांब्याभर पाणी निघतं.

रिव्हेट_बत्तीस | सोमवार, सकाळी ९:४५

बरोबर बोललात. रोज संध्याकाळी टाकी रिकामी करायची आणि लाइनवर पाणी गाळणारा ट्रॅप बसवायचा. नाहीतर रिव्हेट गन आतून गंजते आणि रंगाच्या गनमधून थेंब उडून प्रायमरला डोळे पडतात.

चित्ररथ | सोमवार, दुपारी १:१०

म्हापशाजवळ आमचं फायबरग्लासचं वर्कशॉप आहे. होड्या, पाण्याच्या टाक्या, शिगम्याला चित्ररथ. पत्र्याच्या भानगडीत पडताच कशाला? अमेरिकन डिझायनर बर्ट रुटानच्या लाँग-ईझी विमानासारखं फोम आणि फायबरचं घ्या. गंज नाही, रिव्हेट नाही. पोरं आमची देतो, रविवारी मोकळीच असतात.

रिव्हेट_बत्तीस | सोमवार, दुपारी २:०५

पोरं द्या, रेझिन देऊ नका! तुम्ही होडीला पॉलिएस्टर वापरता. रुटान पद्धतीत पंखाच्या आत गरम तारेने कापलेला पॉलिस्टायरीन फोम असतो. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो विरघळतो. वरचं कापड जागेवर दिसेल आणि आत पोकळी. तिथे एपॉक्सीच लागतं, आणि एपॉक्सीला पुन्हा आपली हवा सोसत नाही. दमट दिवशी वर मेणचट थर येतो, तो पाण्याने पुसून घासल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही.

शिवाय लाँग-ईझीचं किट मिळत नाही, नकाशांवरून सगळं स्वतः करायचं.

चित्ररथ | सोमवार, दुपारी २:३०

मेणचट थर आम्हालाही माहीत आहे, फक्त त्याचं कारण आज कळलं. पण काउलिंग (इंजिनावरचं झाकण) आणि पंखांची टोकं तर किटातही फायबरचीच असतात ना? ती घासून, भरून, सरळ करणं विमानाच्या माणसाला जमत नाही, ते आमचं काम. तेवढं राखून ठेवा.

कुळागरवाला | सोमवार, दुपारी २:४०

ठरलं. काउलिंग तुमच्याकडे.

बांबोळीचा_चढ | सोमवार, रात्री ८:५५

रसायनशास्त्र शिकवतो, उडण्याशी संबंध खिडकीपुरता. पेट्रोलबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

सीएच ७५०ला बहुतेक लोक रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन लावतात, शंभर अश्वशक्तीचं. ते गाडीच्या पेट्रोलवर चालतं म्हणून त्याचं कौतुक. पण दोन अटी. एक, निदान ९५ ऑक्टेन. दोन, इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडे पंपावर आता वीस टक्क्यांचं येतं. दुसरीकडे आरव्ही-७ला लायकमिंगचं इंजिन, तिथे इथेनॉल मुळीच चालत नाही, शंभर ऑक्टेनचं निळं अ‍ॅव्हगॅसच धरून चाला. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलं ही चांगली गोष्ट, पण ते बॅरलने आणायचं, साठवायचं, त्याचे परवाने, हे सगळं आलं. रोटॅक्सला अ‍ॅव्हगॅस चालतं, मात्र त्यात शिसं असल्यामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं.

इथेनॉलला विमानवाले इतके का घाबरतात? ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान महिनाभर उभं, बाहेर आपला पावसाळा. पाणी एका मर्यादेपर्यंत विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली किंवा तापमान उतरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. इंजिनाला जाणारी नळी तळातूनच निघते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही तेवढा उतरतो. शिवाय जुन्या प्रकारची रबरी नळी, टाकीचं सीलंट, फायबरच्या टाकीचं रेझिन, या सगळ्यांवर इथेनॉलचा परिणाम वेगवेगळा.

परीक्षा घरी करता येते. शंभर मिलिलिटरचा मोजनळा घ्या. दहापर्यंत पाणी घाला, एका थेंबाची शाई टाकली तर वाचायला बरं. वर शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, मध्ये एकदा वाफ सोडा, मग ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. एकोणीसच्या आसपास गेला तर दहा टक्के. अठ्ठावीसला पोचला तर तुमच्या नव्वद मिलिलिटरमध्ये अठरा इथेनॉल होतं, म्हणजे वीस टक्के. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल लोक विनाइथेनॉल म्हणून नेतात. नेऊ देत, पण प्रत्येक डबा मोजनळ्यातून जाऊ द्या. आणि हे उघड्यावर, पणती-चुलीपासून लांब करायचं, हे सांगायला लागू नये.

सुशेगाद_माणूस | सोमवार, रात्री ९:१०

सर, ही परीक्षा माझ्या स्कूटरच्या पेट्रोलवर करून बघू का? करून उपयोग काय, हा प्रश्न वेगळा.

चिपीकर | मंगळवार, सकाळी १०:२५

कुडाळचा. पत्रा झाला, पेट्रोल झालं. आता विमान उडणार कुठून ते सांगा.

दाबोळीची धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसा. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला, तो खासगी कंपनी चालवते आणि एअरलाइनच्या वेळापत्रकावर चालतो. आमचं चिपी विमानतळ २०२१ पासून आहे. यांतल्या कुठल्या ठिकाणी तुम्हाला घरचं विमान ठेवायला कोपरा मिळेल हे आधी लेखी विचारा. तोंडी 'बघू की' याला अर्थ नाही. लहान विमानांची वर्दळ आणि फ्लाइंग स्कूल जवळात जवळ बेळगावला, सांबऱ्याला.

म्हणजे शेडपासून धावपट्टीपर्यंत विमान रस्त्यानेच जाणार. इथे तुमचं लाडकं आरव्ही-७ मागे पडतं. त्याचे पंख एकदा बसवले की काढता येतात, पण ते मोठं काम, वरचेवर करायचं नव्हे. सीएच ७५०चे पंख वर बसतात आणि खालून तिरक्या टेकूवर असतात, बोल्ट काढून वेगळे होतात. चोर्ला घाटातून ट्रेलर नेताना ते उपयोगी पडेल.

आता कागद. अमेरिकेतल्या व्हिडिओंत ५१ टक्क्यांचा नियम ऐकला असेल: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलं तर प्रायोगिक वर्गात प्रमाणपत्र, मग ठरवून दिलेले चाचणी-उड्डाणाचे तास. तो तिकडच्या एफएएचा, म्हणजे विमान वाहतूक खात्याचा नियम. तो दाखवून इथे काही मिळत नाही. इथे डीजीसीए (आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), व्हीटीने सुरू होणारी नोंदणी, आणि उडण्याची परवानगी ही नोंदणीपेक्षा वेगळी पायरी. २०२५च्या १ जानेवारीपासून जुन्या १९३४च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय, तेव्हा इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर जाऊ नका.

कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण समोर ठेवा. कांदिवलीला चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, तेही किट नव्हे, स्वतःचं डिझाइन. २०१६ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, सगळ्या देशाने पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी. उडवायची परवानगी २०१९ मध्ये. वैमानिक असलेल्या, वर्तमानपत्रांत रोज नाव असलेल्या माणसाची ही गत.

शेपटीचं किट आधी मागवा असं म्हणतात, ते अमेरिकेत ठीक. तुम्ही पहिला खर्च टपालाचा करा. कुठलं मॉडेल, कुठलं इंजिन, कमाल वजन किती, कुठे बांधणार, तपासायला कुणाला बोलावणार, हे लिहून विचारा की हे विमान कुठल्या वर्गात नोंदणार. उत्तर हातात येईपर्यंत सुटकेसएवढ्या सरावाच्या तुकड्यापलीकडे काही मागवू नका.

कुळागरवाला | मंगळवार, सकाळी ११:००

हे कडू आहे पण पटलं. एक विचारतो. केरळचा एक इंजिनिअर लंडनला राहून चार आसनी स्लिंग बांधून घरच्यांना फिरवतो, ती बातमी २०२२ला सगळीकडे होती. त्याला जमलं ते कसं?

चिपीकर | मंगळवार, सकाळी ११:२०

तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन आहे. नेमलेला निरीक्षक टप्प्याटप्प्याला शेडवर येतो, तुमचं काम बघतो, सही करतो. हुशारी त्याची आहेच, पण वाटही आधीच पडलेली होती. आपल्याकडे ती तुम्हाला अर्ज करून विचारावी लागणार.

आणि हो, उडवणार कोण? तुमच्याकडे परवाना आहे का? खासगी वैमानिकाच्या परवान्याला निदान चाळीस तासांचं उड्डाण लागतं, त्याआधी वर्ग दोनची वैद्यकीय तपासणी. निवृत्तीनंतर घेताय तर ती तपासणी सगळ्यात आधी करून टाका. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला खरं सांगा.

कुळागरवाला | मंगळवार, सकाळी ११:२५

परवाना नाही. गोळी आहे.

धाकटी_वहिनी | मंगळवार, रात्री १०:१५

एवढा वेळ वाचत होते. आम्ही काही वर्षं कॅनडात होतो, तिथे ह्यांनी आरव्ही-९ बांधलं. पलीकडून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा, मी धरला. पंखाच्या आत कोपरापर्यंत हात घालून, डोळ्यांनी काही दिसत नसताना. तेव्हा दोन शब्द माझेही.

बकिंग बार धरणाऱ्याशी आधी बोली ठरवून घ्या. आम्ही 'तयार', 'मार', 'थांब' एवढेच शब्द वापरायचो, कानावर मफ असल्यामुळे ओरडून. बार पत्र्याला समांतर हवा; जरा कलला की रिव्हेटचं डोकं एका बाजूला झोपतं आणि पत्र्यावर चंद्रकोर उमटते. ती बाहेरून कायम दिसते. कोण चुकलं यावर वाद घालू नका, कारण ते दोघांनाही कळत नाही. कुळागरवाले काका, काकूंना विचारलंत का? सगळे घरच्या बाईला गृहीत धरतात, म्हणून विचारते.

किट आलं की पहिलं काम मोजणी. व्हॅन्सकडून रिव्हेट, नट, वॉशर खाकी कागदाच्या पिशव्यांतून येतात, प्रत्येकीवर नंबर. तो कागद आपल्या पावसाळ्यात टिकणार नाही, आणि कसर लागली तर आधी नंबरच जातील. आल्या आल्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत ओता, नंबर कापून आत टाका, सोबत सिलिका जेल. कमी निघालं तर ठरलेल्या मुदतीतच कळवावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

खोका लाकडी असतो. त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असतो, गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि एचटी अक्षरं. तो असल्याची खात्री निघण्याआधी फोटो मागवून करा. आम्ही परत येताना सामान न्हावा-शेव्यात अडकलं होतं ते असल्याच फालतू गोष्टीवर, आणि एजंट (नाव घेत नाही) रोजचं गोदामभाडं लावत बसला.

पैशांचा विषय काढू नका म्हणालात, तरी एक सांगते. सगळं किट एकदम मागवून आगाऊ रक्कम अडकवू नका. २०२३च्या डिसेंबरात व्हॅन्स कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली होती. लेझरने कापलेल्या भोकांना चिरा जातात म्हणून किती जणांचे भाग बदलून द्यावे लागले, त्यात किमती वाढल्या. पुढच्या वर्षी बाहेर आली, विमानं चांगलीच आहेत, पण मधल्या काळात ज्यांची आगाऊ रक्कम तिथे होती त्यांची झोप उडाली. टप्प्याने घ्या: शेपूट, पंख, धड, मग बाकी. इंजिन सगळ्यात शेवटी. दमट शेडमध्ये नवं इंजिन वर्ष-दोन वर्षं नुसतं ठेवणं म्हणजे आतून गंजायला देणं.

सुशेगाद_माणूस | मंगळवार, रात्री १०:३०

वहिनी, चंद्रकोरीबद्दल दंडवत.

रिव्हेट_बत्तीस | मंगळवार, रात्री १०:५०

वहिनींच्या प्रत्येक ओळीला +१. इंजिनाबद्दल तर +१००.

बाब, तुम्ही एक करा. बोगमाळ्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे एक सकाळ घालवा. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभी आहेत, समुद्र हाकेच्या अंतरावर. पर्यटक पुढे उभे राहून फोटो काढतात. तुम्ही पोटाखाली वाका. रिव्हेटच्या ओळी बघा, दोन पत्रे मिळतात तिथे रंगाला फोड आलाय का, लोखंडी बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते का. ती भुकटी म्हणजे दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी. तुमच्या शेडमधल्या विमानाला कुठून लागेल ते तिथे बघून कळेल. मी नवीन पोरांना तिथेच न्यायचो.

आणि टॉर्क रेंचची सवय बदला. कारखान्यात तुम्ही न्यूटन-मीटर धरता, इथे इंच-पौंड. साध्या एएन३ बोल्टला नायलॉनच्या नटवर वीस ते पंचवीस इंच-पौंड, बस्स. ते बोटाच्या जोरासारखं वाटतं आणि टूलरूमचा माणूस हमखास जास्त पिळतो.

पोटमाळा | बुधवार, सकाळी ८:००

सगळं वाचून माझा पूर्वग्रह बदलला. मी आरव्हीच्या बाजूने लिहिणार होतो. वेग पाहिजे कुणाला? बेळगाव ते आकाशात एक फेरी आणि परत बेळगाव, त्याला ताशी एकशेसाठ पुष्कळ झाले.

बांबोळीचा_चढ | बुधवार, सकाळी ८:४५

एक पुरवणी. इथेनॉलने बाष्पदाबही बदलतो. एप्रिलच्या दुपारी इंजिन बंद करून दहा मिनिटांत पुन्हा चालू केलं तर काउलिंगखालच्या उष्णतेने नळीत वाफ धरते आणि पंप नुसता फिरतो. नळ्यांना अग्निरोधक आवरण घाला, एक्झॉस्टपासून लांबून न्या. घरी बांधलेल्या विमानांची पहिली उड्डाणं बिघडवणाऱ्या कारणांत इंधनाची वाट हे जुनं दुखणं आहे.

कुळागरवाला | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. दिवसभर विचार केला, हिच्याशी बोललो.

मन अजून आरव्हीवरच आहे, पण बांधायचं ते सीएच ७५०. ६०६१चा पत्रा, निघणारे पंख आणि रोटॅक्स, ही तीन कारणं झाली, चौथं शोधत नाही. किट मात्र आत्ता नाही. डीजीसीएला पत्राचा मसुदा करतोय, चिपीकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, एकदा नजर टाका. वैद्यकीय तपासणीची वेळ घेतली. ती नापास झाली तरी बांधणार, उडवायला मुलीला शिकवू. होडीचं बोलणारी तीच होती, आज पत्र वाचून गप्प बसली, म्हणजे पोरीला रस आहे.

दरम्यान हात कशावर बसवू? झेनिथचा फक्त रडरचा (शेपटीच्या उभ्या सुकाणूचा) तुकडा सुरुवातीचं किट म्हणून मिळतो असं वाचलं.

रिव्हेट_बत्तीस | बुधवार, रात्री ९:४०

मिळतो, आणि चांगला आहे. पण तो यायच्या आधी बाजारातून ६०६१चा पातळ पत्रा आणा, दोन फुटांची पेटी करा. झाकण, बिजागरी, कोपरे, सगळं. भरीव रिव्हेटही त्यातच शिकून घ्या, सीएचला फारसे लागत नसले तरी. माझी तीन नंबरची गन आणि बकिंग बार पडून आहेत, पुढच्या रविवारी घेऊन येतो. कंप्रेसर आहे का?

कुळागरवाला | बुधवार, रात्री ९:४५

दोन अश्वशक्तीचा, सिंगल फेज. टाकी पन्नास लिटर. चालेल?

रिव्हेट_बत्तीस | बुधवार, रात्री ९:५०

रिव्हेटला पुरे. रंगाला नाही, पण रंग डिसेंबरात आहे.

धाकटी_वहिनी | बुधवार, रात्री ९:५५

रविवारी आम्हीही येतो, फर्मागुडीला ह्यांच्या आत्याकडे जायचंच आहे. बार मी धरीन. काकूंना सांगा, शिकायचं असेल तर शेजारी उभ्या राहा. आणि दुपारी दोन ते चार गन चालवू नका हो, खालच्या दोन घरांशी विहिरीचा नाही तर झोपेचा वाद होईल.

चित्ररथ | बुधवार, रात्री १०:०२

मी येऊ का? फुकटात शिकतो, बदल्यात शेडच्या गळक्या पत्र्याला फायबरचं ठिगळ मारून देतो. गळतंय ना कुठे?

कुळागरवाला | बुधवार, रात्री १०:०५

गळतंय. या. उकड्या तांदळाची पेज आणि सुकं असेल, कुणाला काही चालत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा.